फणी, पिंजण आणि सभा

व्याख्यानमालेत बोलणाऱ्याने बोलावे आणि ऐकणाऱ्याने ऐकावे, असा आपला जुना रिवाज आहे. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे गावोगावच्या व्याख्यानमालांनी तोच रिवाज उचलला. वक्ता, अध्यक्ष, हार, आभार अशी ही व्यवस्था असते. तीत प्रश्न विचारणाऱ्याला बहुधा जागा नसते. असलीच तर आभारांच्या आधीची, घाईघाईची पाच मिनिटे. आमचे आयुष्य मात्र ज्या सभांत गेले त्या हमालांच्या आणि जिनिंगच्या मजुरांच्या. तेथे वक्त्याला भर भाषणात थांबवणारा एकतरी गडी निघतोच. कधी तो शहाणा असतो, कधी चार घोट घेऊन आलेला असतो, तर कधी मालकाने मुद्दाम धाडलेला असतो. अशा माणसाशी व्यवहार कसा करावा हे कोणत्याही शाळेत शिकवीत नाहीत. म्हणून त्याच्याविषयी थोडा इतिहास सांगावा असे आम्ही योजिले आहे.

त्याच्या कृतीला इंग्रजीत एक खास क्रियापद आहे, 'हेकल' करणे. वक्ता बोलत असता खालून टोकणे, बोचरा प्रश्न टाकणे, त्याला अडवणे, असा त्याचा आजचा अर्थ. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि गोदामात फार झाले. त्यामुळे परका शब्द भेटला की तो कोणत्या धंद्यातून आला हे आधी पाहावे, अशी सवय लागून गेली आहे. शब्दांनाही जन्मगाव असते आणि पुष्कळदा ते कामगारांच्या वस्तीत असते. 'हेकल' हा त्यांपैकीच एक.

हेकल म्हणजे मुळात फणी. ही केसांची फणी नव्हे. लाकडी फळीवर लोखंडी दाते ओळीने उभे ठोकलेले असत आणि तिच्यातून जवसाचा वाख ओढून काढीत. आपण जवस तेलासाठी आणि चटणीसाठी पेरतो. त्याच वनस्पतीच्या उंच वाढणाऱ्या, कमी फांद्यांच्या जातीपासून युरोपात लिननचे कापड होते. आपल्याकडे अंबाडीचा किंवा तागाचा वाख काढताना ज्यांनी पाहिले असेल त्यांना ही रीत समजावून सांगायला नको. झाड मुळासकट उपटायचे, पाण्यात कुजत घालायचे, वाळवायचे, ठेचून आतली काडी मोडायची आणि वरचा वाख वेगळा करायचा. पण एवढ्याने तो सुताच्या लायकीचा होत नाही. त्यात काडीचे तुकडे असतात, गाठी असतात, आखूड आणि लांब धागे एकमेकांत अडकलेले असतात. कामगार मूठभर वाख घेऊन फणीवर आपटी आणि अंगाकडे खेची. पुन्हा आपटी, पुन्हा खेची. आधी जाड आणि विरळ दात्यांची फणी, मग बारीक आणि दाट दात्यांची. शेवटी हातात लांब, सरळ, चकाकणारा धागा राही. त्याचे तलम कापड होई. फणीत अडकलेला आखूड वाखही वाया जात नसे. त्याचे दोर वळीत, जाडेभरडे कापड विणीत. हे काम करणारा तो 'हेकलर'.

शब्दशास्त्राचे जाणकार सांगतात की हा शब्द आणि 'हुक' हा शब्द एकाच मुळाचे आहेत. आमच्या हमाल बांधवांना हे ऐकून गंमत वाटेल. पोत्यात रुतवून पोते पाठीवर घेण्याचा जो आकडा त्यांच्या हाती असतो, त्याचा आणि सभेत वक्त्याला रुतणाऱ्या प्रश्नाचा असा नात्याचा संबंध आहे.

आता फणी सभेत कशी आली? याची एक गोष्ट फार सांगितली जाते आणि ती आम्हाला साहजिकच आवडते. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर डंडी नावाचे शहर आहे. अठराव्या शतकात तेथे लिननचा मोठा धंदा होता. फणीवर काम करणारे हेकलर हे त्या धंद्यातले कसबी लोक. त्यांच्या हातून वाख गेल्याशिवाय पुढे कताई चालू होत नसे. म्हणून त्यांनी हात थांबवला की सारा कारखाना थांबे. ही ताकद त्यांनी ओळखली होती. मजुरीसाठी ते एकजुटीने भांडत आणि मालकवर्गात त्यांची ख्याती 'डोके फिरलेली माणसे' अशीच होती. या लोकांची एक रीत होती. बाकीचे काम करीत असताना त्यांच्यातला एकजण वर्तमानपत्र मोठ्याने वाची. वाचन गुपचूप ऐकले जात नसे. अमुक मंत्री असे म्हणाला, असे वाचताच एखादा फणीवरून ओरडे, दुसरा त्याला उत्तर देई आणि त्यातून कडाक्याचा वाद माजे. हेच लोक संध्याकाळी जाहीर सभेत गेले की तेथेही वक्त्याला तसेच सोलून काढीत. म्हणून अशा टोकण्याला हेकलिंग हे नाव पडले, अशी ती गोष्ट.

परंतु गोष्ट आवडती असली म्हणून ती तपासू नये असे नाही. उलट या विषयात तरी तपासलीच पाहिजे! डच भाषेत याच फणीवरून झालेले क्रियापद एखाद्यावर झोंबरी टीका करण्यासाठी वापरतात. जर्मन भाषेत एखाद्या माणसाला फणीतून ओढून काढणे म्हणजे त्याच्या पाठीमागे त्याचे दोष चघळणे. तेथे तर डंडीचे हेकलर नव्हते. म्हणजे फणीवरून टीकेकडे जाण्याची वाट निरनिराळ्या देशांतल्या लोकांना आपापली सुचली असली पाहिजे. धाग्यातली घाण काढणे आणि बोलण्यातली घाण काढणे यांतले साम्य कोणाही विणकराला दिसण्यासारखे आहे. तेव्हा डंडीने शब्द जन्माला घातला असे खात्रीने म्हणता येत नाही; त्याला गाजवले मात्र अशाच कामगारांनी, असे मानायला जागा आहे.

महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. स्कॉटलंडात एकोणिसाव्या शतकात हेकल करणे याचा अर्थ आरडाओरडा करणे असा नव्हता. निवडणुकीला उभा राहिलेला उमेदवार सभेत आला की मतदारांनी त्याला भर सभेत उलटेसुलटे प्रश्न विचारायचे आणि त्याने उत्तरे द्यायची, याला हेकलिंग म्हणत. तो सभेचा एक रीतसर भाग होता. या परीक्षेला जो बिचकला त्याची सभेत शोभा होई. पुढे हळूहळू शब्दाचा अर्थ घसरला. प्रश्न मागे पडला आणि व्यत्यय पुढे आला. आज इंग्रजीतही हेकलर म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे खोडसाळ माणूस उभा राहतो. ज्या समाजात प्रश्नाची ठरलेली जागा काढून घेतली जाते, तेथे प्रश्न विचारणारा सारा वेळ आगंतुकच ठरतो.

डंडीच्या हेकलरांचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात वाख विंचरण्याची यंत्रे आली आणि त्यांच्या कसबाची किंमत उतरली. डंडीच्या गिरण्या जवसाकडून तागाकडे वळल्या. हा ताग आपल्या बंगालचा. व्हेल माशाच्या तेलात तो मऊ करून यंत्रावर घालीत. आणि १८५५ साली कलकत्त्याजवळ रिश्रा येथे तागाची गिरणी निघाली, तेव्हापासून बंगालचा मजूर आणि डंडीचा मजूर यांची परस्परांशी ओळख नसताना स्पर्धा लागली. कमी मजुरी कोण घेतो याची ही स्पर्धा. खानदेशातल्या मार्केट यार्डात तागाच्या पोत्यांच्या थप्प्या आम्ही उभी हयात पाहिल्या. त्या पोत्याच्या धाग्याचे एक टोक डंडीला आहे, हे आम्हाला फार उशिरा वाचनातून कळले.

याच डंडीत १९०८ साली एक प्रसंग घडला. विन्स्टन चर्चिल तेथून पोटनिवडणूक लढवीत होते. मेरी मलोनी नावाची एक आयरिश बाई, स्त्रियांच्या मताधिकाराची कार्यकर्ती, त्यांच्या सभांना हातात मोठी घंटा घेऊन जाई आणि ते बोलू लागले की घंटा वाजवी. चर्चिल यांनी स्त्रियांविषयी काढलेल्या उद्गारांबद्दल माफी मागावी, अशी तिची मागणी होती. चर्चिल निवडून आले. पण घंटेची बातमी जगभर झाली. त्याआधी तीनच वर्षे, १३ ऑक्टोबर १९०५ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये सर एडवर्ड ग्रे यांची सभा होती. ॲनी केनी आणि ख्रिस्ताबेल पँखर्स्ट या दोघींनी तेथे एकच प्रश्न विचारला: तुमचे लिबरल सरकार आले तर स्त्रियांना मत देणार की नाही? बाकी सगळ्या प्रश्नांना उत्तरे मिळाली. याला मिळाले नाही. त्यांनी पुन्हा विचारला. त्यांना ओढून बाहेर काढले आणि पुढे तुरुंगात धाडले. ही ॲनी केनी कोण? दहाव्या वर्षी सूतगिरणीत अर्धवेळ कामाला लागलेली मजूर मुलगी.

या दोन प्रसंगांतला फरक आम्हाला फार मोलाचा वाटतो. मँचेस्टरमध्ये प्रश्न होता. उत्तर दिले असते तर तो संपला असता. डंडीत घंटा होती. तिला उत्तर देता येत नाही, ती थांबण्याचीच वाट पाहावी लागते. पण घंटा का आली हे विसरून चालणार नाही. तीन वर्षांपूर्वी साध्या प्रश्नाला उत्तर मिळाले नव्हते, म्हणून ती आली.

आता आपल्या भाषेकडे वळू. हेकलला मराठीत नेमका एक शब्द नाही. टोकणे आहे, हटकणे आहे, मोडता घालणे, तोंड घालणे, हुर्यो उडवणे, सभा उधळणे असे पुष्कळ आहे. यांतले बहुतेक शब्द वक्त्याच्या बाजूने बनलेले दिसतात. व्यत्यय आणणारा दोषीच, हे त्यांनी गृहीत धरले आहे. मात्र एक शब्द असा आहे की जो हेकलचा सख्खा भाऊ शोभावा, आणि तो आपल्या कापसाच्या मुलखाचा आहे. तो म्हणजे पिंजणे. पिंजारी धनुष्यासारखी पिंजण घेऊन बसे. तिची ताणलेली तात सरकी काढलेल्या कापसात धरून तीवर तो ठोके मारी. कापसाचा गठ्ठा सुटे, तंतू मोकळे होत, कचरा आणि धूळ खाली पडे. मग त्याचे पेळू वळून चरख्यावर सूत काढता येई. त्यावरूनच आपण विषय पिंजून काढला असे म्हणतो. युरोपातल्या विणकराने वाखावरून जे म्हटले तेच आमच्या पिंजाऱ्याच्या गिऱ्हाइकाने कापसावरून म्हटले. फरक एवढाच की आपण विषय पिंजतो, वक्त्याला पिंजण्याचे धाडस आपल्या भाषेने केलेले नाही. ते आपल्या सभांनी करून पाहिले आहे. याचे दोन दाखले आम्हाला आमच्याच तापीच्या खोऱ्यात सापडतात.

पहिला दाखला तापीच्या मुखाशी, सुरतेला. १९०७ चे काँग्रेस अधिवेशन नागपूरला व्हायचे ते सुरतेला हलवले गेले. अध्यक्ष म्हणून रासबिहारी घोष यांचे नाव पुढे होते. जहाल पक्षाला ते मान्य नव्हते. २६ डिसेंबरला गोंधळामुळे बैठक तहकूब झाली. २७ डिसेंबरला लोकमान्य टिळकांनी, या सूचनेवर मला बोलायचे आहे, अशी चिठ्ठी स्वागताध्यक्षांकडे रीतसर पाठवली. तिला उत्तर आले नाही. अध्यक्षांची निवड पार पडली असे जाहीर होताच टिळक व्यासपीठावर चढले आणि बोलण्याचा हक्क मागू लागले. त्यांना नियमबाह्य ठरवण्यात आले. ते हाताची घडी घालून उभे राहिले, हलले नाहीत. तेवढ्यात खालून एक मराठी वहाण भिरभिरत आली, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता यांना लागली, आणि मग खुर्च्या व काठ्या चालल्या. पोलिसांनी मंडप रिकामा केला. काँग्रेस फुटली ती १९१६ पर्यंत.

या प्रसंगावर दोन्ही पक्षांनी एकमेकांना पुष्कळ दोष दिले. आम्ही मजूर चळवळीतली माणसे त्याकडे थोडे निराळे पाहतो. वहाणेचे समर्थन होत नाही. वहाण हा प्रश्न नव्हे. तिने एकही मुद्दा सुटला नाही, उलट टिळकांची रीतसर मागणी तिच्याखाली झाकली गेली. लोकांना वहाण आठवते, चिठ्ठी आठवत नाही. परंतु क्रम लक्षात ठेवला पाहिजे. आधी चिठ्ठी गेली आणि वहाण नंतर आली.

दुसरा दाखला फैजपूरचा. सुरतेनंतर बरोबर एकोणतीस वर्षांनी, २७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी, त्याच तापीच्या खोऱ्यात काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गांधीजींच्या आग्रहाने खेडे निवडले, नंदलाल बोस यांनी बांबूंनी मंडपाची सजावट केली, खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी आणि त्यांचे सहकारी राबले. हे सगळे आपल्या भागात घरोघर ठाऊक आहे. त्याच्या जोडीने जे घडले ते मात्र तितके सांगितले जात नाही. मनमाडहून शेतकऱ्यांचा एक जथा पायी निघाला होता. वि. म. भुस्कुटे आणि बुखारी त्याचे पुढारी. वाटेतल्या गावांत शेतकरी चळवळीचे म्हणणे समजावीत, दोनशे मैलांहून अधिक चाल करून तो जथा २५ डिसेंबरला फैजपुरास पोचला. त्याच्या स्वागताला स्वतः नेहरू होते. शंकरराव देव होते, मानवेंद्रनाथ रॉय होते, आचार्य नरेंद्र देव, श्रीपाद अमृत डांगे, युसुफ मेहेरअली होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लखनौला स्थापन झालेल्या अखिल भारतीय किसान सभेचे दुसरे अधिवेशनही एन. जी. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली फैजपुरातच झाले.

या जथ्याला आम्ही हेकलरच म्हणू. खेड्यात काँग्रेस भरवता, ठीक. पण खेड्यातल्या कुळाचे काय, कर्जाचे काय, शेतसाऱ्याचे काय, हाच सवाल त्यांच्या पायांनी आणला होता. येथे दाराशी पोलीस नव्हते, पुढारी उभे होते. आणि त्या अधिवेशनात काँग्रेसने जो शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला, त्यात खंड आणि सारा यांत भरीव कपात, सरंजामी वेठ व लागे बंद करणे, शेतमजुराला पोटापुरती मजुरी आणि शेतकऱ्यांच्या संघटना बांधण्याचा हक्क या गोष्टी आल्या. केवळ जथ्यामुळे आल्या असे आम्ही म्हणणार नाही. वर्षभर त्यासाठी देशभर माणसे झटत होती, आणि किसान सभेचा जाहीरनामाही आधीच तयार झाला होता. पण सुरतेस जो प्रश्न मंडपात मावला नाही, तशा प्रश्नाला फैजपुरात वेशीवर हार घातला गेला आणि तो ठरावात उतरला, एवढे खरे.

याचा अर्थ फैजपुरात सगळे सुटले असाही नाही. १९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि १९३८ साली त्याच मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. कामगाराच्या संपाच्या हक्काला त्याने वेसण घातली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप केला. तो संप म्हणजे सत्तेवर बसलेल्या वक्त्याला खालून विचारलेला सवालच होता. दोन वर्षांपूर्वी वेशीवर हार घालणारा पक्ष गादीवर बसताच प्रश्नाला कंटाळला. हे कोणत्याही पक्षाचे होते आणि, मोकळेपणाने बोलायचे तर, कोणत्याही युनियनचेही होते.

आमच्या मनात जे खुपते आहे ते येथेच. कामगारांच्या वार्षिक सभा आता पाहाव्यात. पदाधिकारी ताळेबंद भराभर वाचतात, 'मंजूर, मंजूर' असा गजर होतो, टाळ्या पडतात, जेवणाच्या पंगती बसतात. पतपेढीत तेच, सोसायटीत तेच, ग्रामसभेत तेच. जो उठून, हा खर्च कशावर झाला, असे विचारतो त्याला शेजारचेच लोक सदरा धरून खाली बसवतात. मग तो पुढल्या सभेला येत नाही. किंवा येतो तो चार टारगट घेऊन येतो आणि माईकची वायर उपटतो. आधी आपण फणी मोडतो आणि मग घंटा वाजते म्हणून रडतो. न विंचरलेल्या वाखाचे सूत निघते, पण ते जागोजागी तुटते; तशाच न विंचरलेल्या ठरावाच्या जोरावर पुकारलेला संप तिसऱ्या दिवशी फुटतो, हे आम्ही एकाहून अधिक वेळा डोळ्यांनी पाहिले आहे.

डंडीच्या त्या माणसांची आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ते टोकीत, पण आधी ऐकत; वर्तमानपत्राचे वाचन चालू असे म्हणूनच टोकणे चालू राही. वाचन न करता नुसती फणी फिरवणाऱ्याच्या हाती वाख येत नाही. क्यूबातल्या चिरूट कारखान्यांत १८६५ पासून कामगार स्वतःच्या पैशाने वाचणारा नेमीत. केरळात कण्णूरकडच्या विडी कामगारांनीही हीच रीत चालवली. अशा ठिकाणी कामगार प्रश्न विचारायला शिकला यात नवल नाही. प्रश्न हा माहितीच्या पोटी जन्मतो. माहितीवाचून निघतो तो नुसता आवाज.

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. ताळेबंद सभेच्या आठ दिवस आधी कामाच्या जागी मोठ्याने वाचून दाखवावा. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही तो कळला पाहिजे. सभेत भाषणाइतकाच वेळ प्रश्नांसाठी राखावा आणि तो आभारांच्या आधी कोंबू नये. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव व प्रश्न इतिवृत्तात लिहावे, आणि उत्तर दिले नसेल तर तसेही लिहावे. आणि विचारणाऱ्याने एवढे पथ्य पाळावे की प्रश्न असा विचारावा ज्याला उत्तर देता येईल, आणि उत्तर चालू असता बसून राहावे.

यंदाच्या मालेच्या चालकांनाही आम्ही हीच विनंती केली होती आणि त्यांनी ती मानली. व्याख्यान पाऊण तासाचे ठेवून पुढचा पाऊण तास श्रोत्यांना दिला. त्या पाऊण तासात आमच्या विवेचनातल्या दोन ढोबळ वाक्यांना श्रोत्यांनी चांगलेच विंचरून काढले. येथे छापलेला मजकूर त्यानंतरचा आहे.